मुक्काम पोस्ट ५६ एपीओ

फौजीच्या घरात पत्र लिहायला शिकावं लागतं हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. पत्रात काय शिकायचंय, मनात येईल ते लिहायचं आणि पेटीत टाकायचं. पण मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या ह्यांनी मला समोर बसवून शिकवलंय, पत्र कसं लिहायचं, आलेलं कसं वाचायचं, आणि वाचून झाल्यावर कुणाला काय सांगायचं. ते शिकणं पुढं कितीतरी वर्षं चालूच राहिलं आणि आता पत्रं गेली तरी मी तेच सगळं घरातल्या नव्या सुनांना शिकवतेय, फक्त कागदाच्या जागी मोबाईल आलाय. नाशिक जिल्ह्यात फौजेत माणूस असलेली घरं कमी नाहीत म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचे हे आर्टिलरीत, म्हणजे तोफखान्यात. ट्रेनिंग इथंच नाशिकरोड कॅम्पच्या आर्टिलरी सेंटरला, कसम परेडही इथलीच, आणि रिटायर झाले ते हवालदार म्हणून. युनिटचा नंबर मी इथंही लिहिणार नाही, सवयच तशी लागलीय. सासर सिन्नर तालुक्यात पांढुर्लीच्या बाजूला, तिथं देवळालीच्या रेंजवरच्या तोफांचा आवाज लहान पोरालाही ओळखू येतो, मांडणीवरची भांडी थरथरली तरी कुणी दचकत नाही. स्कूल ऑफ आर्टिलरी आधी आताच्या पाकिस्तानातल्या काकूलला होतं, मग ते देवळालीला आलं, तेव्हापासून भगूर, विहितगाव, देवळाली ह्या सगळ्या पट्ट्याला लष्कर म्हणजे शेजारी. आणि अडचण तीच आहे. सगळ्यांना वाटतं आपल्याला फौजेतलं सगळं कळतं, त्यामुळं पारावर, पिठाच्या गिरणीत, बसस्टॉपवर लोक एकदम मोकळेपणानं बोलतात, कुणाचा मुलगा कुठंय, कुणाचं युनिट हललं, कोण सुट्टी अर्धी टाकून परत गेला.

तर पहिला धडा पत्त्याचा. ह्यांनी मला पत्ता लिहून दिला त्यात नंबर, रँक, नाव, युनिट, खाली केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, आणि पिनकोड, बस्स. गाव नाही जिल्हा नाही राज्य नाही. सासूबाईंना हे काही केल्या पटेना, त्यांचं म्हणणं "अगं मुक्काम पोस्ट न लिहिता पोस्टमन जाईल कुठं?" आणि खरंच, आपल्याकडं मु. पो. लिहिल्याशिवाय पत्राला पत्र म्हणतच नाहीत. मग ह्यांनी त्यांना समजावून सांगितलं की पिनकोडातला पहिला आकडा ९ आहे, तो कुठल्याच राज्याचा नाही, तो फौजेच्या डाकेचा आहे. (पिनकोड आपल्याकडं आले १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि फौजेची डाक बघणारी आर्मी पोस्टल सर्व्हिस कोर त्याच वर्षी १ मार्चला वेगळी झाली, हे मला फार नंतर कळलं.) पत्र आधी फौजेच्या मोठ्या डाकघरात जातं, युनिट आज कुठंय ते त्यांना माहीत असतं, ते बरोबर पुढं पाठवतात. युनिट राजस्थानात असू दे नाहीतर काश्मीरमधे, बाहेरून पत्ता वाचणाऱ्याला काही कळत नाही, फार तर पूर्वेकडं असेल तर ५६ च्या जागी ९९ एपीओ येतं, एवढंच. सासूबाईंना शेवटी पटलं ते पहिलं उत्तर हातात पडल्यावर.

शिक्क्याचंही तसंच. कधी जुनं फौजी पत्र हातात आलं तर शिक्का नीट बघा. आपल्या साध्या पत्रावर गावाच्या पोस्टाचं नाव उमटतं, सिन्नर, नाशिकरोड असं. ह्यांच्या पत्रावर एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, आणि पुढं नुसता नंबर, खाली तारीख. म्हणजे आत काय लिहिलंय हे नंतरचं, पत्र बाहेरूनच आधी गप्प केलेलं असतं. म्हणूनच फौजी माणसानं पत्र स्टेशनवरच्या किंवा बाजारातल्या लाल पेटीत टाकायचं नाही, युनिटच्या डाकेतच द्यायचं, हे त्यांना पहिल्यापासून सांगितलेलं असतं. ओळखीतल्या एका घरात असं झालं होतं की मुलानं सुट्टीवर निघालेल्या दोस्ताच्या हातात पत्र दिलं लवकर पोचावं म्हणून, दोस्तानं ते वाटेतल्या कुठल्यातरी मोठ्या स्टेशनात टाकलं आणि शिक्क्यावर त्या शहराचं नाव आलं. संध्याकाळपर्यंत आख्ख्या आळीला माहीत, अमक्याचं युनिट तमक्या बाजूला गेलंय. पत्रात एक अक्षर वावगं नव्हतं हो, पण शिक्का बोलला.

मजकुराचं शिक्षण मात्र लांबलचक. ते पहिल्या सुट्टीत झालं, अंगणात दिवाणावर बसून. ह्यांनी आंतरदेशीय घेतलं, ते निळं, आपल्याच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधे छापतात ते, आणि म्हणाले समज मी तुला असं लिहिलंय, आणि लिहून दाखवलं. जवळपास असं होतं: "आम्ही सगळे परवा रात्री निघालो, तीन दिवस प्रवास झाला, काल पोचलो. इथं थंडी फार आहे पण नवीन बूट आणि कोट मिळालेत. नवीन सीओ साहेब चांगले आहेत. सगळ्यांची सुट्टी रद्द झालीय, काळजी करू नको."

आता तुम्हीच सांगा ह्यात काय गुपित आहे, कुठलाही नवरा बायकोला असंच लिहील. मग ह्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक शब्दाखाली रेघ मारत गेले. "आम्ही सगळे" म्हणजे एखादी तुकडी नाही, पूर्ण युनिट हललं. "परवा रात्री", हलल्याची वेळ कळली. "तीन दिवस", म्हणजे किती लांब गेले त्याचा अंदाज आला. थंडीला वेगळे बूट आणि कोट, ते काही मैदानात वाटत नाहीत, म्हणजे डोंगर, आणि तोही उंच. नवीन सीओ, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर नवे, कमांड बदलली. आणि सगळ्यांची सुट्टी रद्द, ही तर सगळ्यात मोठी बातमी, कारण सुट्ट्या उगाच कुणी रद्द करत नाही, काहीतरी होणार असेल तेव्हाच करतात. चार ओळींच्या पत्रात एवढं निघालं आणि तोफ हा शब्दसुद्धा त्यात कुठं नव्हता.

त्या दिवशी ह्यांनी जे सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे. म्हणाले, गुपित म्हणजे काही कुलपातली फाईल नसते, साध्या साध्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की त्यातून तयार होतं ते गुपित. आणि शेजारी ठेवायचं काम एकाच पत्रानं व्हायला पाहिजे असंही नाही. आठवडी बाजारात फौजींच्या बायका भेटतात, एकीकडं आलंय थंडी फार आहे, दुसरीकडं आलंय सुट्टी रद्द झाली, तिसरीच्या नवऱ्यानं मफलर मागवलाय, तिघी एकाच युनिटच्या. भाजी घेता घेता तिथं उभ्या असलेल्या कुणालाही सगळं कळलं. बायकांचा काही दोष नाही, त्या जिवाच्या आकांतानं एकमेकींना विचारत असतात, पण ऐकणारा कोण आहे ते कुठं माहीत असतं.

मग त्यांनी तेच पत्र परत लिहून दाखवलं. "सुखरूप आहे. तब्येत चांगली. जेवण व्यवस्थित आहे, कोट आहे बूट आहेत, थंडीची काळजी करू नको" असं लिहिता लिहिता तिथंच थांबले आणि थंडीची ओळ खोडली, म्हणाले हे बघ, माझ्याकडूनसुद्धा ओघात आलं असतं, म्हणून पत्र लिहून झालं की आपणच एकदा परक्याच्या नजरेनं वाचायचं. दिवाळीचं असं लिहिलं: "मला ह्या दिवाळीत यायला जमेलसं दिसत नाही." एका माणसाला जमत नाही ह्यातून कुणाला काही कळत नाही, सगळ्यांची सुट्टी रद्द ह्यातून सगळं कळतं. म्हणून त्यांचा नियम, पत्रात मी लिहायचं, आम्ही लिहायचं नाही. आजच्या मुलींना मी अजून हाच नियम पहिला सांगते कारण तो लक्षात ठेवायला सोपा आहे आणि त्यातून निम्मं काम होतं.

बाकी काय लिहायचं नाही ते हळूहळू कळत गेलं. येणं-जाणं, म्हणजे निघणार कधी, पोचणार कधी, गाडी कुठली. किती माणसं, किती गाड्या, कुठलं हत्यार. रस्ता, नदी, पूल, मंदिर, ओळखता येईल अशी कुठलीही खूण. साहेबांची नावं. आजारपणाची साथ. घरून काय मागवलं त्यातूनही कळतं, मच्छरदाणी मागवली तर एक आणि लोकरीचे मोजे मागवले तर दुसरंच, म्हणून ह्यांनी सुट्टीतच सगळं नेऊन ठेवलेलं असायचं. तक्रारीही नाहीत, राशन वेळेवर येत नाही, माणसं वैतागलीत, हे वाचून घरच्याला नुसती काळजी आणि वाईटावर टपलेल्याला बातमी.

लोक विचारतात मग उरलं काय लिहायला. बाई बाई, काय नव्हतं उरलं. ह्यांची पत्रं माझ्याकडं आहेत सगळी, आंतरदेशीयाच्या घडीवर सुद्धा बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. लंगरमधल्या डाळीला आपल्यासारखी फोडणी नाही म्हणून स्वयंपाक्याला कांदालसणाची फोडणी शिकवली ते. शेजारच्या खाटेवरचा तेलुगू पोरगा रात्री झोपेत बडबडतो आणि सकाळी काही आठवत नाही म्हणतो ते. कांदा चाळीत ठेवला का विकला, लासलगावला भाव काय निघाला, घाई करू नका म्हणावं नानांना. मुलगी बोलायला लागली का, बाबा म्हणते का, म्हणते तर कुणाकडं बघून म्हणते. स्वप्नात आपली विहीर दिसली. एकदा तर आख्खं पत्र नुसतं भाकरीवर होतं. नवरा कुठंय हे माहीत नसताना तो कसाय हे मला इतकं माहीत होतं जितकं रोज घरी येणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना नसतं, हे मी मनापासून सांगते.

माझ्या बाजूनंही नियम होते. मी विचारायचंच नाही कुठं आहात, कारण विचारलं की न सांगण्याचं ओझं त्यांच्यावर. गावातली अफवा लिहायची नाही, "असं ऐकलं की तुम्ही लोक अमुक ठिकाणी जाणार" हे तर बिलकुल नाही. दुसऱ्या फौजीची बातमी लिहायची नाही, कारण माझं पत्र म्हणजे पण एक कागदच, तो पडला, हरवला, कुणाच्या हाती लागला तर त्यावर नंबर नाव युनिट सगळं आहे. ह्यांनी सांगितलेलं एक माझ्या मनाला फार लागलं होतं, की पुढं कामगिरीवर जाताना घरची पत्रं खिशात ठेवून जायचं नाही, मागं ट्रंकेत ठेवायची. मला वाटायचं छातीशी ठेवत असतील. पण माणूस पकडला गेला किंवा पडला तर खिशातलं पत्रच सगळ्यात आधी वाचतात, त्यातून युनिट कळतं आणि त्याच्या घरचे कोण तेही कळतं. हे समजल्यावर मी पत्रात घराचे बारीकसारीक तपशीलही जपून लिहायला लागले.

आता खुणेच्या भाषेचं. बऱ्याच जोडप्यांनी आपापसात ठरवलेलं असायचं, मामाकडं चाललोय म्हणजे अमुक, काकाकडं म्हणजे तमुक. माझ्या जावेनं तर मला यादीच करून दिली होती. ह्यांनी साफ नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, जी खूण तुला कळते ती दुसऱ्यालाही कळते, आणि खुणेचं पत्र वाचणाऱ्याला आधी संशय येतो. हे किती खरं आहे ते मला पुढं वाचनात सापडलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्या हिंदी शिपायांची पत्रं वाचायला सरकारनं वेगळं सेन्सॉर ऑफिसच बसवलं होतं, आणि शिपाई घरी लिहायचे की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी आणि लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरनं ते ताबडतोब ओळखलं, म्हणून तर आज आपल्याला वाचायला मिळतंय. त्याच युद्धात एक छापील कार्ड पण होतं, मी बरा आहे, मी दवाखान्यात आहे, तुमचं पत्र मिळालं असली वाक्यं आधीच छापलेली, नको ती खोडायची आणि खाली सही आणि तारीख, आणखी एक शब्द लिहिला तर कार्ड नष्ट करणार असं वरच लिहिलेलं. ते वाचल्यावर मला आमचं आंतरदेशीय किती मोठं वाटलं म्हणून सांगू.

आमच्या घरात ह्या गोष्टीचा वारसा जुना आहे. ह्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांचं एकच पत्र शिल्लक आहे, त्यावर सेन्सॉरचा शिक्का, आणि मधली एक ओळ काळ्या शाईनं अशी पुसलीय की उजेडात धरलं तरी अक्षर दिसत नाही. ते इटलीत होते हे घरच्यांना ते परत आल्यावर कळलं, तोवर पणजी नुसतं "साता समुद्रापल्याड" म्हणायची. सासूबाई ती काळी ओळ दाखवून म्हणायच्या त्यात नक्की आजीबद्दल काहीतरी गोड लिहिलं असेल. ह्यांना विचारलं तर म्हणाले गोड लिहिलं असतं तर ठेवलं असतं, गावाचं नाव असणार. दोघं आपापल्या मतावर शेवटपर्यंत ठाम.

ह्या सगळ्याची खरी परीक्षा झाली १९९९ साली. तेव्हा आम्ही जेल रोडला भाड्यानं राहायचो. मे महिन्यापासून टीव्हीवर सारखं द्रास, कारगिल, बटालिक, आणि तोफा तर इतक्या दाखवायचे, बोफोर्स मागं सरकताना, धूर, परत गोळा. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेटं डागली म्हणतात. तोफखाना म्हटल्यावर सगळ्यांनी आपोआप धरलं की आमचे हे तिथंच. शेजारी यायचे, नात्यातले यायचे, दुधवाला विचारायचा, कुठं आहेत आत्ता? मी सांगायचे ५६ एपीओला. एक नातेवाईक तर चिडलेच, म्हणाले आम्ही काय परके का. मी म्हटलं दादा परके नाही, पण मलाच सांगितलेलं नाही ते तुम्हाला कुठून सांगू. आणि हे खरंच होतं, पत्रात जागेचं नाव नव्हतंच. न लिहिण्याचा हा एक मोठा फायदा, घरच्याला खोटं बोलावं लागत नाही.

पत्र यायला तेव्हा फार वेळ लागायचा. आलं की मी आधी तारीख बघायचे आणि मनात हिशेब करायचे, ह्या तारखेपर्यंत तरी ठीक होते.

त्याच दिवसांत एका पेपरचा वार्ताहर घरी आला. चांगला मुलगा होता, अदबीनं बोलला, म्हणाला वहिनी सीमेवरून आलेलं पत्र छापायचंय, फोटो काढू का पत्राचा. घरातल्या सगळ्यांना आनंद, पेपरात नाव येणार. मी पत्र हातात घेतलं आणि ह्यांच्यासारखी पेन्सिल घेऊन मनातल्या मनात रेघा मारल्या. मागं नाव नंबर युनिट. शिक्क्यावर एफपीओ नंबर. वर तारीख. आत मजकूर अगदी साधा, पण ह्या तीन गोष्टी मिळून एका कुठल्यातरी तारखेला कुठलं युनिट कुठल्या डाकघराशी होतं ते कळणार, आणि पेपर तर सगळीकडं जातो. फोटो नको म्हटलं. पत्र हातात पण नाही दिलं. मी वाचून दाखवते, तुम्ही उतरवून घ्या, असं म्हणून कांद्याच्या चाळीबद्दलच्या आणि मुलीला शाळेत घालण्याबद्दलच्या ओळी वाचल्या आणि थांबले. त्यानं नाव टाकू का विचारलं, ते पण नको म्हटलं. छापून आलं तेव्हा ते फार छान दिसत होतं, लोकांनी कात्रण काढून ठेवलं, आणि ह्यांनी नंतर वाचून पाठ थोपटली माझी.

त्याच उन्हाळ्यातलं एक पत्र आहे ज्यात ह्यांनी पाऊस पडला का आणि मुलीचा पुढचा दात पडला का एवढंच विचारलंय. नेहमीपेक्षा थोडं छोटं आहे. सुट्टीवर आले तेव्हा सांगितलं की ते पत्र लिहिलं त्याच दिवशी दुसऱ्या युनिटमधला, आपल्याच जिल्ह्यातला, ओळखीचा मुलगा गेला होता. मी म्हटलं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही दाताबद्दल लिहिलंत. ते म्हणाले, त्याच्या घरी अजून तार पोचली नव्हती. माझं पत्र आधी पोचलं असतं, तू रडली असतीस, शेजारणीनं विचारलं असतं, आणि त्याच्या आईला बाजारात कुणाकडून तरी कळलं असतं. असं कळायला नको तिला. शत्रूसाठी गुपित ठेवायचं हे मला तोवर पाठ झालं होतं, पण आपल्याच माणसासाठी पण ठेवायचं असतं हे त्या दिवशी समजलं, आणि माझ्या मते ह्या सगळ्या नियमांतला हा सगळ्यात मोठा.

आता आजचं. दिराचा मुलगा फौजेत आहे, कुठल्या शाखेत ते सोडा. त्याची बायको माझ्याकडं शिकते. पत्राला निदान चार दिवस लागायचे, तेवढ्यात बातमी शिळी व्हायची. स्टेटसला चार सेकंद लागतात. नाशिकरोड स्टेशनवर सोडायला गेले की फोटो, मागं प्लॅटफॉर्मची पाटी, वर गाडीचं नाव, खाली "आज निघाले, मिस यू". ह्यांनी पेन्सिलीनं रेघा मारलेल्या त्यातल्या किती गोष्टी एका फोटोत आल्या बघा. ती मला फोटो दाखवते आणि आम्ही दोघी मिळून बघतो. मागच्या खेपेला ट्रकला टेकून उभा असलेला फोटो होता. आधी नंबर प्लेट, बाण असलेली, ती फौजेचीच. मग दंडावरचं फॉर्मेशनचं, म्हणजे युनिट ज्या मोठ्या दलात आहे त्याचं, चिन्ह. मग रस्त्याकडेचा मैलाचा दगड, त्यावर गावाचं नाव आणि किलोमीटर. मग मागची डोंगराची रेघ, तीसुद्धा ओळखणारे ओळखतात. कापत कापत शेवटी चेहरा आणि हातातला चहाचा मग उरला. तिला म्हटलं हाच ठेव, आणि स्टेटसला नको, घरातल्यांना तुझ्या मोबाईलवर दाखव. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद आहे का तेही तपासलं, फोटोच्या आत जागा नोंदवली जाते हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

ही उगाच भीती नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमधे स्ट्राव्हा नावाच्या पळण्याच्या ॲपनं जगाचा नकाशा टाकला, कोण कुठं पळतं त्याच्या उजळ रेघा, आणि २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटात मधेच लष्करी तळ उजळून दिसतायत, कारण सैनिक सकाळी घड्याळ लावून तळाभोवती पळत होते. एकानंही कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. २०२० च्या जुलैत आपल्या आर्मीनं जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्राम पण होतं. तेव्हा आमच्या पुतण्याची चिडचिड झाली होती, हे म्हणाले आम्हाला लाल पेटी बंद होती, तुला हे बंद, सोपं आहे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलमधे पहलगाम झालं आणि चार दिवसांनी सरकारनं चॅनलवाल्यांना लेखी कळवलं की फौजेच्या हालचाली लाईव्ह दाखवू नका, त्यात कारगिल, २६/११ आणि कंदहारचा दाखला होता. मे महिन्यात सिंदूर सुरू झालं तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, आमच्या स्टेशनवरून आज फौजेची गाडी गेली, सॅल्यूट. भावना चांगलीच आहे. पण मी लगेच फोन केला, म्हटलं आधी डिलीट करा, मग बोलू. त्यांना वाटलं घरचा ग्रुप आहे काय होतंय. पारावर पण सगळे घरचेच असायचे.

नव्या सुनेला मी एवढंच म्हणते की तो फोनवर आला की कुठं आहेस, कधी येणार हे विचारण्यात वेळ घालवू नको, जेवलास का, कोणाशी भांडलास, काय स्वप्न पडलं ते विचार, आणि घरातलं भरपूर सांग, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली ते पण सांग. आणि महिन्यातून एकदा तरी कागदावर लिही. ती म्हणते मावशी आता कोण लिहितं. मी म्हटलं लिहून बघ, मोबाईलला रेंज नसते तिथंही डाक जाते. गेल्या महिन्यापासून लिहितेय, पहिलं पत्र मला वाचून दाखवलं, एक "तुम्ही लोक" आलं होतं ते काढायला लावलं, बाकी सुंदर होतं.

आणि हो, राखी जवळ आलीय. ज्यांचे भाऊ फौजेत आहेत त्यांनी आत्ताच टाका, एपीओला फिरून जायला वेळ लागतो. नंबर, रँक, नाव, युनिट, ५६ का ९९ ते नीट बघून, पिनकोड ९ वाला, आणि गावाचं नाव लिहायचं नाही, माहीत असलं तरी. मागं स्वतःचा पत्ता मात्र पूर्ण लिहा, मु. पो. सकट.